तांबटकाका आणि मेथीचा वाफा

पाहुण्याला पाणी विचारण्याआधी ‘जवळ काही लोखंडाचं हाय का?’ असं विचारणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच होता, आणि तो धाड गावात आमच्या भिंतीला लागून राहत होता.

तांबटकाका घागरी घडवत. निजामाच्या हद्दीतूनही त्यांना गिऱ्हाईक येई. भट्टीत काळ्या पडलेल्या घागरी ते तेजाबाच्या पाण्यात बुडवून उजळत, आणि ते निळसर पाणी मोरीतून थेट आमच्या परसात उतरे. एका हंगामात आईची मेथी तिथे पिवळी पडून जळाली. आई भांडली नाही. तिनं काकांशी बोलणंच सोडलं.

मी तेव्हा नागपूरच्या कॉलेजात होतो. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला पहिलाच. सुटीत मी काकांना सहज सांगितलं की असल्या पाण्यात लोखंड टाकलं की तांबं त्यावर येऊन बसतं, आणि मग चुना घातला की उरलंसुरलं विष गाळ होऊन तळाशी जातं. मी ते परीक्षेपुरतं शिकलो होतो. काकांनी मोरीच्या तोंडाशी तीन रांजण मांडले. पहिल्यात बैलांचे झिजलेले नाल आणि मोडके विळे, दुसऱ्यात चुना, तिसऱ्यात निवळलेलं पाणी. त्यात घासलेला चाकू बुडवायचा. लाल झाला की सगळं पाणी परत पहिल्या रांजणात. एका चाकूवर त्यांचा भरवसा बसेना. पाटलांचा अडकित्ता त्यांनी लालभडक करून परत दिला. न्हाव्याचा वस्तराही बुडवला, तेव्हा पुढचा महिनाभर काका दाढीसकट फिरले.

दोन वर्षांनी चाकू पांढरा राहू लागला. काकांनी कुंपणाशी उभं राहून आईकडे एकच वाफा मागितला. दुसऱ्या सकाळी आईनं एका वाफ्यात नवी माती टाकलेली दिसली. काका त्याला रांजणातलं पाणी घालत राहिले आणि मेथी हिरवीगार आली. आईनं त्यांना जेवायला बोलावलं, आणि त्यांच्यादेखत पहिली भाजी माझ्या ताटात वाढली. मी घास घेणार तोच काकांनी माझं ताट ओढलं.

“थांब बे.”

“आता काऊन?” आई म्हणाली. “चाकू पांढरा हाय म्हणत होते ना?”

“वहिनी, चाकू माहा हाय. पोरगा तुमचा हाय.”

सगळी भाजी त्यांनी एकट्यानं संपवली. मी वरणावर भागवलं.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. पुढे मी पदवी घेतली, अनेकांनी पाठ थोपटली. पण माझ्या पुस्तकी बोलण्यावर दोन वर्षं राबलेला, आणि तरी माझ्यासाठी भ्यालेला, तेवढा एकच माणूस. त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच काका आमच्या दारात येऊन उभे राहिले होते.

“मले काही झालं नाही,” ते आईला म्हणाले. “आता वाढा त्याले.”