डाव्या कोपऱ्यातला रेझिस्टर

त्या यंत्राने माझ्यावर पहिला हल्ला केला तो भर दुपारी, माझ्या डाव्या हातात चहाचा कप असताना. मी स्विच दाबला. आतून भुंगा गुणगुणल्यासारखा आवाज आला, तो चढत गेला, आणि मग कानाखाली कुणीतरी वाजवावी तसा फाटकन स्फोट झाला. कपॅसिटरची अ‍ॅल्युमिनियमची टोपी छताच्या पंख्याला लागून माझ्या पुस्तकांच्या कपाटाची काच फोडून आत गेली. खोलीभर कागदाचे कपटे आणि जळक्या तेलाचा वास. कप कुठे गेला ते दोन दिवसांनी कळलं. त्याचा कान तेवढा माझ्या बोटात राहिला होता.

चूक माझीच होती. अनेक वर्षं पडून असलेलं यंत्र एकदम लाइनवर लावायचं नसतं. मध्ये एक साधा बल्ब जोडायचा, म्हणजे आत काही बिघाड असला तर बल्ब भगभगतो आणि यंत्र वाचतं. हे मी शाळेत विज्ञान शिकवताना तीस वर्षं मुलांना सांगत आलो. स्वतःच्या घरी मात्र मला चहा निवायच्या आत निकाल हवा होता.

यंत्र म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हच्या जमान्यातला प्रयोगशाळेचा पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज घ्यायची आणि पुढच्या दोन टर्मिनलांवर सहाशे व्होल्ट काढून द्यायचे, एवढंच त्याचं काम. करड्या रंगाचा जाड पत्र्याचा डबा, दोन माणसांनी उचलावा असा. निवृत्तीनंतर मी असली उपकरणं दुरुस्त करतो. लोक निवृत्तीनंतर प्रवचनं करतात, त्यापेक्षा शेजाऱ्यांना याचा त्रास कमी. शहरातल्या एका जुन्या कॉलेजने हा डबा माझ्याकडे पाठवला होता. कॉलेजचा महोत्सव होता आणि त्यात 'वैज्ञानिक वारसा दालन' उघडायचं होतं. वारसा म्हणजे जे भंगारवाला न्यायला विसरला ते. उद्घाटनाला तिथलेच निवृत्त प्राचार्य येणार होते, एकेकाळचे पदार्थविज्ञानाचे विभागप्रमुख. त्यांनी स्विच दाबायचा, व्हॉल्व्ह नारिंगी उजळायचे, टाळ्या.

स्फोटात ट्रान्सफॉर्मरही जळला. तो नव्याने गुंडाळून घ्यायचा म्हणजे उद्यमनगरातल्या चाचांकडे जायचं. चाचा सत्तरीचे. मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्यात त्यांचा हात धरणारा कोल्हापुरात नाही, आणि त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत. मनगटापासून कोपरापर्यंत एक पांढरा, वेडावाकडा व्रण. मी कधी विचारलं नव्हतं. कारखान्याच्या वस्तीत माणसाला बोटांबद्दल विचारू नये. सगळ्यांचीच कुठे ना कुठे राहिलेली असतात.

रिक्षातून डबा उतरवला तसे चाचा उठून उभे राहिले. मला वाटलं मदतीला येतायत. ते आले आणि त्यांनी त्या डब्याला लाथ घातली. मग दुसरी. तिसरीला चप्पल उडून गटारात गेली.

"चाचा! अहो, काय करताय?"

"ह्यो कुठनं आणलासा, मास्तर? ह्यो अजून जित्ता हाय व्हय?"

डबा त्यांनी पत्र्यावरच्या पोच्यावरून ओळखला होता. चहा सांगितला. तो येईपर्यंत ते डब्याकडे बघत राहिले, साप मेलाय की नाही बघावं तसे.

सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी चाचा त्याच कॉलेजात प्रयोगशाळेत शिपाई होते. एके दिवशी प्रॅक्टिकल संपल्यावर त्यांनी सप्लाय बंद केला, भिंतीतली पिन उपसली आणि टर्मिनलवरच्या वायरी काढायला हात घातला. पुढचं त्यांना आठवत नाही, इतरांनी सांगितलं. विजेने त्यांना मागे फेकलं ते थेट काचेच्या कपाटात. हात काचेतून आरपार गेला. शिरा तुटल्या. मुलं ओरडत पळाली आणि फरशीवरच्या रक्तावरून घसरून एकाने आपला दात पाडून घेतला.

"मग चौकशी झाली. विभागप्रमुखानं अहवाल लिवला." चाचांनी डोळे मिटले आणि पाठ केलेली कविता म्हणावी तसं म्हणून दाखवलं, शुद्ध, कोल्हापुरीचा लवलेश नसलेलं: "यंत्र बंद असताना विजेचा धक्का बसणे अशक्य आहे. सबब सदर कर्मचाऱ्याने चालू यंत्रात हात घातला, हे उघड आहे. हा निव्वळ हलगर्जीपणा होय."

"नोकरी गेली?"

"नोकरी गेल्याचं काय न्हाय ओ. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मोटारी गुंडाळल्या. घरात सांगायचो, फाइव्ह स्टारात हाय म्हणून. पर त्यो शब्द. आपला बा हलगर्जी, असं माझ्या पोरांनी ऐकलं. बायकोनं तर मरताना बी इचारलं, खरं सांगा, बंद केलतासा न्हवं? मी बंद केलता, मास्तर. पिन हातात हुती माझ्या."

ट्रान्सफॉर्मर ते गुंडाळणार होते. एकच अट घातली. "आत काय सापडलं तर मला दावायचं."

ट्रान्सफॉर्मर त्यांच्याकडे सोडून डबा घरी आणल्यावर मी तळाचा पत्रा काढला. अशा सप्लायमध्ये एक रेझिस्टर असतो, बोटाएवढी चिनी मातीची नळी. काम एकच: यंत्र बंद केलं की कपॅसिटरमध्ये साठून राहिलेली वीज हळूहळू जिरवायची. तो नसेल तर बंद यंत्रसुद्धा भरलेल्या बंदुकीसारखं तासन् तास टपून बसतं. या सप्लायमध्ये त्याची जागा डाव्या कोपऱ्यात, मागच्या जाळीला लागून. तिथे दोन्ही बाजूंना वायरची थोटकं होती, पक्कडीने कापलेली, स्वच्छ. पुढचं मीटरही मेलेलं. सहाशे व्होल्ट असोत की काही नसो, काटा शून्यावर. म्हणजे चाचांना इशारा द्यायला आत काहीच उरलं नव्हतं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. जो यंत्र उघडतो तो झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने नाव आणि काय केलं ते लिहून ठेवतो. पुढच्या माणसाला कळावं म्हणून. या झाकणातही दोन-तीन पुसट सह्या होत्या. आणि त्यांच्या डोक्यावर एक चिठ्ठी डकवलेली, शाईने, झोकदार इंग्रजीत: अनावश्यक उष्णता निर्माण करणारा एक रेझिस्टर काढून टाकून यंत्रात सुधारणा केली आहे. खाली विभागप्रमुखांची सही, सहीखाली पदवी, पदवीखाली पद, पदाखाली शिक्का. तारीख चाचांच्या अपघाताच्या आठ दिवस आधीची. साधा माणूस गुन्हा करून पळतो. मोठा माणूस त्यावर शिक्का मारतो.

मी चिठ्ठीचा फोटो काढून आत्ताच्या प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला.

"जुनी प्रकरणं आहेत ही, सर. आणि साहेब आपले प्रमुख पाहुणे."

"म्हणूनच आलो."

"कार्यक्रमानंतर बघू ना. तेवढी ती चिठ्ठी मात्र काढून टाका. दिसायला बरी दिसत नाही."

चाचांच्या दुकानात जाऊन मी त्यांना थोटकांचा फोटो दाखवला, चिठ्ठी वाचून दाखवली. मला वाटलं रडतील. ते हसले, आणि ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

"रेझिस्टर बसवू नगासा. हाय तसं ठिवा."

"चाचा, मरेल कुणीतरी."

"कोन मरंल? बटण कोन दाबणार हाय?"

"चिठ्ठी आहे की आपल्याकडे पुरावा."

"चिठ्ठी फाडत्यात, मास्तर. त्याच्या तोंडातनं आलं पायजे. न्हाय तर त्याच्या हातातनं."

"मी ते करणार नाही," मी म्हणालो.

त्यांनी लाकडी हातोडी फेकून मारली. माझ्या कानाजवळून गेली आणि फळीवरचे जुने व्हॉल्व्ह फुटले, एकामागून एक, फट फट फट. रस्त्यापलीकडचा लेथवाला डोकावून गेला. मी "बरं, नाही बसवत," म्हणालो. भीतीने म्हणालो, हे कबूल करायला माझी हरकत नाही.

रविवारी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर आणि नवा कपॅसिटर जोडताना मी नवा रेझिस्टरही बसवला. उजवा हात कामात, डावा खिशात. दोन्ही हात आत गेले तर वीज छातीतून जाते, हा पहिला धडा. चिठ्ठीला मी हात लावला नाही. चाचांना काही सांगितलं नाही. झाकणात माझं नावही लिहिलं नाही, कारण ज्या कामाबद्दल खोटं बोललो त्याखाली सही करायची लाज वाटली. मागे जळमटं होती ती मात्र पुसली.

कार्यक्रमाला सप्लाय उचलून न्यायला दुसरा माणूस लागणारच होता. चाचा इस्त्रीचा सदरा घालून आले. निमंत्रणपत्रिकेत ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्याचं नाव नव्हतं; हार-तुरे पुरवणाऱ्याचं होतं. पाहुणे आले. फेटा बांधताना त्यांची नजर चाचांवरून गेली आणि पुढे सरकली. ओळख पटली नाही. माणूस ज्याचा हात मोडतो त्याचं तोंड लक्षात ठेवत नाही.

चाचा टेबलाशी, यंत्राच्या मागे उभे होते. पाहुण्यांनी स्विच दाबला. व्हॉल्व्ह उजळले, टाळ्या झाल्या, भाषण सुरू झालं. मी बघत होतो: चाचांनी मिटत नसलेली बोटं मागच्या जाळीवर, डाव्या कोपऱ्यात ठेवली आणि तिथेच राहू दिली. मग माझ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यातून मला काहीही वाचता आलं नाही.

"आमच्या काळात," पाहुणे म्हणाले, "यंत्रं म्हणजे घरची माणसं. आम्ही त्यांच्या अंगावरून हात फिरवायचो." मग त्यांनी स्विच बंद केला. शाली झाल्या, नारळ झाले. तीन-चार मिनिटं सहज गेली.

"सर," चाचा म्हणाले, "मग हात फिरवा की. फोटू चांगला येतोय. ह्या दोन टर्मिनलावर."

पाहुणे हसले. उजवा हात खिशात घातला. "नको, नको."

"बंद हाय की, सर. पिन बी काढलीया. ही बघा." चाचांनी पिन त्यांच्या नाकासमोर धरली.

"अहो, राहू द्या."

चाचांनी पिन टाकली आणि डाव्या हाताने त्यांचं मनगट खिशातून उपसलं. खिसा फाटल्याचा आवाज आला. माणूस वर्षानुवर्षं तांब्याची तार ओढत आलेला. त्या पकडीतून सुटणं शक्य नव्हतं. फेटा डोळ्यांवर आला, शाल पायात अडकली. टेबलावरचा नारळ खाली पडून फुटला. हात टर्मिनलांपासून वीतभर, मग चार बोटं. दोन तरुण प्राध्यापक धावले. चाचांनी एकाच्या छातीत कोपर मारून त्याला खुर्च्यांत पाडलं. एक शब्द बोललो असतो तर सगळं थांबलं असतं. "त्यात काही नाही", एवढाच. मी बोललो नाही.

"सोड! सोड मला! चार्ज असतो आत!" पाहुणे किंचाळले. कोटाला माइक लावलेला होता, त्यामुळे किंकाळी मागच्या पटांगणातल्या जेवणाच्या मांडवापर्यंत गेली.

"बंद असताना?"

"हो! बंद असला तरी असतो! मरेन मी!"

चाचांनी हात सोडला. पाहुणे खाली बसले, फुटलेल्या नारळाच्या पाण्यात. चाचांनी त्या शुद्ध, पाठ केलेल्या भाषेत अख्खं वाक्य म्हटलं, 'यंत्र बंद असताना'पासून 'हलगर्जीपणा होय'पर्यंत. माइक अजून चालूच होता. मग त्यांनी आपली वाकडी बोटं दोन्ही टर्मिनलांवर आडवी ठेवली. पहिल्या रांगेतली एक बाई ओरडली.

काही झालं नाही.

पोलिसांना बोलवावं असं कुणीतरी म्हणालं. प्राचार्य घाईघाईने म्हणाले, नको, जेवणं थंड होतायत. सगळे तिकडे गेले, पाहुण्यांना मागच्या दाराने नेलं, आणि डबा काचेच्या कपाटात ठेवायचं काम आमच्या दोघांवर राहिलं.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"मागची जाळी पोळत हुती, मास्तर. त्या कोपऱ्यात दुसरं काय हाय पोळायला?"

"आणि थंड असती तर?"

चाचांनी पिनेची वायर गुंडाळायला घेतली. "ते इचारू नगासा," म्हणाले.

मग त्यांनी झाकणाचे चार स्क्रू काढायला लावले आणि माझ्या खिशातली पेन्सिल मागितली. शिक्क्याच्या चिठ्ठीखाली ते लिहू लागले. उजव्याच हाताने. पेन्सिल दोनदा गळून पडली. मी उचलून दिली. रेझिस्टर परत बसवला, असं लिहिलं, त्याखाली आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, इतक्या मोठ्या अक्षरात की झाकण भरलं.

रेझिस्टर मी बसवला होता. पण लिहायला जागाच उरली नव्हती, आणि मी ती मागितली नाही.