बूच लावलं का?

आमच्या घरात चळवळीची पत्रकं धान्यासारखी पोत्यात भरून असायची. वाचायला मी त्यांच्यावरच शिकलो. त्यामुळे प्रत्येक अडचणीला एक मागणी असते आणि प्रत्येक मागणीखाली सह्या, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पैठणच्या धरणाकाठी मासेमारीच्या ठेक्याविरुद्ध काम करायला आम्ही चौघं गेलो, तेही याच समजुतीवर. दोन महिन्यांत तिघं परतले. एकाला नोकरी लागली, एकाची परीक्षा होती, तिसऱ्यानं कारणही सांगितलं नाही. मी राहिलो. त्यात तत्त्व किती आणि हट्ट किती, हे तेव्हा तपासलं नाही.

माझ्याकडं उरली एक फायबरची छोटी होडी. पलीकडच्या वस्त्यांवर जायला शहरातल्या एका हितचिंतकानं दिलेली. तिच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, अंगठा जाईल एवढं भोक होतं. होडी काठावर ओढली की भोकातलं रबरी बूच काढायचं, म्हणजे आत साचलेलं पाणी निघून जातं. पाण्यात ढकलण्याआधी ते परत बसवायचं. एवढंच काम.

काठावर जाळी दुरुस्त करत एक म्हातारे चाचा बसायचे. भोक बघून ते म्हणाले, "नावंला मुद्दाम भोक ठेवणारा कारागीर पयल्यांदाच बघितला." त्यांच्या लाकडी होडीतलं पाणी ते डबड्यानं उपसायचे. माझ्या होडीत कुणी बसत नसे. मी रोज विचारायचो. लोक मान हलवून थर्माकोलच्या तराफ्यावर निघून जायचे. ठेक्याबद्दल समजावायला मला समोर एक तरी माणूस हवा होता. खरं तर नुसतं बोलायलाच हवा होता.

एकदा चाचांची होडी डांबर लावून वाळत पडली होती आणि त्यांचं जाळं पलीकडं टाकलेलं होतं. ते माझ्या होडीत बसले. मला इतका आनंद झाला की वल्हं हातात घेताच मी ठेकेदारीवर सुरू झालो.

"ठेक्याचं मागनं बघू," चाचा मधेच म्हणाले. "आधी पाय बघा."

घोट्यापर्यंत पाणी आलं होतं. आदल्या दिवशी मी शहरात, क्रांती चौकात पत्रकं वाटायला गेलो होतो. बूच तिथंच, मुकुंदवाडीच्या माझ्या खोलीवर, धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशात राहिलं होतं. चाचांनी खांद्यावरचा गमछा भोकात कोंबला, त्यावर टाच रोवली आणि मला गुमान माघारी वळायला सांगितलं. उतरताना म्हणाले, "लीडरच्या सगळी दुनिया ध्यानात ऱ्हाती. बूच सोडून."

दुपारपर्यंत ही गोष्ट सगळ्या काठावर पसरली. आता माझ्या होडीत कुणी बसणं शक्यच नव्हतं. मी बूच आणलं, त्याला नायलॉनची दोरी बांधली आणि ती आतल्या कडीला अडकवून टाकली. विसरायचा प्रश्नच मिटला.

तरी रोज सकाळी मी होडी ढकलायला लागलो की चाचा मान वर न करता ओरडायचे, "लीडर, बूच लावलं का?" आजूबाजूचे हसायचे. मी रागानं "लावलं" म्हणायचो आणि बोलणं तिथंच संपायचं. पुढं दिवसभर पाणी, बगळे आणि पलीकडची लावलेली दारं. संध्याकाळी भाकरी थापताना लक्षात यायचं की आज तोंडातून तो एकच शब्द निघाला.

एका सकाळी, का कुणास ठाऊक, मी म्हणालो, "विसरलोच होतो, चाचा."

ते जाळं ठेवून पाण्यापर्यंत आले. "काय करावं तुमचं? इचारायला मी काय जिंदगीभर बसणार हाय व्हय?" मग त्यांचे गुडघे, जालन्याला दिलेली लेक, यंदा कमी झालेली मासळी, असं बराच वेळ बोलत राहिले. मी मागं वाकून, घट्ट बसलेलंच बूच दाबत राहिलो.

पत्रकात एकही शब्द खोटा जाऊ नये म्हणून मी सोबत्यांशी भांडलेला माणूस. त्या हिवाळ्यात मी आठवड्यातून दोनदा बूच विसरलो. त्याहून जास्त विसरलो असतो तर त्यांना कळलं असतं.