चहाच्या खिडकीचा आराखडा

"नियम मला पाठ आहेत. काल काय झालं ते सांगा."

आमचे चौकटसाहेब कुणाच्याही टेबलाशी येऊन उभे राहिले की पहिलं वाक्य हेच. मग खिशातून पेन्सिल काढायची, तिचं टोक जिभेला लावायचं आणि समोरचा बोलेपर्यंत त्याच्याकडे टक लावून बघायचं. चिडायला होई. तुम्ही अशा माणसाबरोबर कधी काम केलं असेल तर तुम्हाला कळेल.

त्यांचं खरं नाव सांगत नाही. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. सातपूरच्या एका कारखान्यात मी टाइपिस्ट होतो आणि हे गृहस्थ तिथे पद्धत अधिकारी होते. कागद किंवा माल कुठून निघतो, कुणाच्या हातातून जातो, कुठे अडतो हे पाहायचं, त्याचा आराखडा काढायचा आणि अडलेलं मोकळं करायचं, ही त्यांची नोकरी. आराखड्यात प्रत्येक कामाला एक चौकट असे, म्हणून चौकटसाहेब. घरी बायकोने भाजीत मीठ टाकलं तरी हा माणूस चौकट काढत असेल, असं आम्ही म्हणायचो. एकदा कुणीतरी विचारलंही. "घरात नाही काढत," ते गंभीरपणे म्हणाले, "तिथे माझं कोण ऐकतं?"

पण काम पक्कं. स्टोअरमधून एक बेअरिंग मिळवायला अख्खा दिवस जायचा. ते मागणीच्या चिठ्ठीमागे स्वतः टेबलाटेबलांवर फिरले. चिठ्ठी ज्या साहेबाच्या सहीसाठी पडून राहायची, तो ती वाचतच नाही, हे त्यांनी त्याच्या तोंडावर सांगितलं. "तुमची चौकट काढून टाकतो," म्हणाले. तो साहेब पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता. यांना त्याचं काही नाही.

मग मोठ्या साहेबांनी त्यांना कँटीनवर पाठवलं. चहाची सुट्टी संपली तरी कामगार रांगेतच असत आणि यंत्रं बंद. कामगार आळशी आहेत, हे मोठ्या साहेबांनी आधीच ठरवून टाकलं होतं. आराखड्यातून फक्त ते सिद्ध व्हायला हवं होतं.

चौकटसाहेब कँटीनच्या खांबाला टेकून उभे राहिले. रांग कुठे अडते हे त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं. चहा ओतणारा माणूस मधेच रांग थांबवायचा आणि किटली घेऊन मागच्या दाराने बाहेर जायचा. बाहेरच्या कट्ट्यावर कान तुटलेले कप मांडलेले असत, झाडूवाल्या बायकांचे. किटली कपाला लागू न देता तो वरून, लांबून चहा ओतायचा. आत येऊन साबणाने हात धुवायचा. मग रांग पुन्हा सुरू.

हे सगळा कारखाना रोज पाहत होता. मीही पाहत होतो. त्या बायका आमच्या बौद्ध वस्तीतल्या, आणि त्यांतल्या कौसामावशी तर माझ्या शेजारच्या. मी टेबलावर बसणारा, म्हणून मला पांढरा कप मिळायचा. त्या कपातला चहा मी पहिल्याच आठवड्यात सोडला होता. तो हात धुणारा माणूस आठवला की आजही मी हातातला कप खाली ठेवतो.

"यांचे कप बाहेर का?" चौकटसाहेबांनी त्याला विचारलं.

"त्या कंत्राटी हायेत, साहेब. कायम कामगारांचे कप येगळे."

"माळीही कंत्राटीच आहे. काल त्याने कुठल्या कपातून घेतला?"

तो किटलीचं झाकण नीट बसवू लागला.

"आणि हात का धुतलेस?"

"सवय हाय," असं म्हणून तो हसला.

अहवाल मीच टाइप केला. सुट्टी लांबण्याचं कारण, वेगळे कप आणि हात धुणं. उपाय, सगळ्यांची एक रांग आणि एकाच तऱ्हेचे कप. विशेषण एकही नाही. इतक्या आनंदाने मी कधी टाइपरायटर बडवला नव्हता.

बैठकीत टिपणं घ्यायला मी बसलो होतो. मोठे साहेब देवाधर्माचे, सवड मिळाली की त्र्यंबकेश्वर गाठणारे. त्यांनी अहवाल शांतपणे वाचला. "बरोबर शोधलंत," म्हणाले. "मग असं करू. मागच्या भिंतीला एक खिडकी पाडू. तिथे वेगळा माणूस, वेगळा नळ. कट्ट्यावर चांगली फरशी बसवू. वेळ वाचेल आणि कुणाचं मनही दुखावणार नाही. तुम्ही तेवढा आराखडा काढून द्या."

कुणीतरी काहीतरी बोलेल असं मला वाटलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढी घाण इतक्या गोड आवाजात मी तोवर ऐकली नव्हती.

चौकटसाहेबांनी पेन्सिल खिशात ठेवली. "ही खिडकी मी काढणार नाही."

"विचार करून बोला. सिन्नरच्या गोदामात एक जागा रिकामी आहे."

"मग तिकडे पाठवा."

पाठवलं. आराखडा दुसऱ्या कुणीतरी काढून दिला. चौकटसाहेबांच्या वाट्याला आता आली-गेली पोती पाहणं होतं. ज्या कामासाठी हा माणूस जगत होता, ते काम गेलं.

निघायच्या दिवशी ते कट्ट्यापाशी आले. कौसामावशी झाडू भिंतीला टेकवून उभ्या होत्या.

"बाई, मी शोधून दिलं आणि त्यांनी त्याचं हे केलं," ते म्हणाले.

"तुमी नका वाईट वाटून घेऊ, साहेब. हा चहा आमाला लय दिसांपासून सोडायचाच व्हता. आता फरशी बसवून देत्यात म्हनल्यावर तर नायच घ्यायचा."

साहेबांचे डोळे भरून आले. रुमाल लवकर सापडेना. मावशी तोवर दुसरीकडे बघत राहिल्या. त्या क्षणी मला हा चिडका, टक लावून बघणारा माणूस फार आवडला.

खिडकी झाली. सुट्टी वेळेवर संपू लागली आणि मोठ्या साहेबांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली. झाडूवाल्या बायका चहा घरून बाटलीत आणायच्या आणि कंपाउंडच्या कडुलिंबाखाली बसून प्यायच्या. पण आराखड्यात कप भरायचे असं ठरलं होतं. म्हणून तो नवा माणूस रोज खिडकीतून हात लांब करून ते तुटके कप भरायचा. घ्यायला कुणी येत नसे. चहावर साय धरायची, माशा बसायच्या, सुट्टी संपली की तो कप गटारात ओतायचा आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा भरायचा. मी नोकरी सोडेपर्यंत हे चाललं होतं. उभं राहून हे पाहण्याचा ज्याला पगार होता, तो सिन्नरला पोती मोजत होता.