मामाची खिडकी आणि घरी आलेलं पाकीट

आमचा मामा कोर्टात साधा कारकून, पण तोरा असा की न्यायाधीशांनी याला विचारून खुर्चीत बसावं. शेजारच्या देशाशी आमचा करार आहे. तिकडच्या कोर्टाचा निकाल इकडे मानायचा, इकडचा तिकडे, खटला पुन्हा उकरायचा नाही. तसे निकाल तपासून त्यांवर ‘मान्य’ असा शिक्का मारायची खिडकी सव्वीस वर्षं मामाकडे.

मामी म्हणायची, "परक्या देशाचं सगळं मान्य, बायकोचं एक अक्षर मान्य नाही!" खरंच, घरात तो शब्द मामाच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

निकाल तिकडच्या कोर्टाच्या बंद पाकिटात लोकांच्या घरी यायचा आणि पाकीट खिडकीवरच फोडायचं, असा नियम. मामा प्रत्येक पाकीट उजेडात धरायचा. घरी उघडून पुन्हा चिकटवलेलं दिसलं की, "रद्दीत घाला, नवीन मागवा!" लोक गयावया करायचे, हा ढिम्म.

मग त्याच्याच लेकीचं पाकीट घरी आलं. ताईचा संसार तिकडे मोडला होता, घटस्फोटही तिकडच्याच कोर्टात झाला. येत्या शुक्रवारी ती इथे दुसरं लग्न करणार होती, आणि ‘मान्य’ झाल्याशिवाय नोंदणी होणार नव्हती. घरच्यांचं काम स्वतः करायचं नाही म्हणून मामा रजा टाकून खिडकीच्या अलीकडे उभा राहिला. सोबत ताई आणि मी. पलीकडे मामाच्याच हाताखाली शिकलेल्या बाई.

"साहेब, तुमचं काय तपासायचं!" म्हणत बाईंनी सरळ कात्री उचलली.

मामाचे कान लाल झाले. "आधी उजेडात धरा."

"अहो, पण..."

"धरा म्हणतो ना!"

बाईंनी धरलं. कडेला डिंकाच्या दोन रेघा. त्या चाचरत म्हणाल्या, "साहेब, हे कुणीतरी फोडलंय."

"मी फोडलंय. किटलीच्या वाफेवर."

मी कपाळाला हात लावला. अरे माणसा, गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं! पण सव्वीस वर्षांची खोड ती. नवीन प्रत यायला महिना लागणार, म्हणजे शुक्रवार बोंबलला.

ताई बाहेरच्या बाकावर मटकन बसली. "बाबा, का केलंत असं?"

"निकालात काय लिहिलंय ते तू सांगितलंच नाहीस."

"तुम्ही विचारलंत कधी?"

मामा उगाच चष्मा पुसत राहिला. मला त्याचा भयंकर राग आला होता आणि कीवही येत होती.

"वाचलंत ना? मग काय लिहिलंय, सांगा."

"लिहिलंय की..." मामानं चष्मा डोळ्यांवर चढवला. "मुलीनं तीन वर्षं एकटीनं सोसलं. माहेरी कळवत राहिली. माहेरचं कुणी आलं नाही."

"खोटं आहे?"

आता हा नियम काढणार, तारखा काढणार, म्हणून मी दुसरीकडे बघायला लागलो.

"मान्य," मामा म्हणाला.