प्रश्नात तूर कुठं आहे?

मेहुणे वारल्यावर धाकटी बहीण लेकीला घेऊन कर्नाटकात आळंदला आमच्याकडं आली. शिक्षक भरतीची परीक्षा द्यायची म्हणाली. वयाची सवलत धरूनही तिची ती शेवटचीच संधी. घरातला एकुलता एक पदवीधर म्हणून गणित शिकवायचं माझ्याकडं आलं. पदवी इतिहासाची होती. कुणी विचारलं नाही, मीही सांगत बसलो नाही.

एका दुपारी गाडी अडली. बारा-बारा फुटांच्या तीन ताडपत्र्या एका रांगेत अंथरल्या, प्रत्येक जोडावर दोन फूट एकीवर एक. तर एकूण लांबी किती? प्रश्न कन्नडात, भांडण मराठीत.

"तीस," मी सांगून टाकलं.

"कामून? जोड दोनच हायत. छत्तिसातून चार गेले. बत्तीस."

"अन् शेवटची कड? दोन फूट दुमडायची न्हाई व्हय? तूर घरंगळल्यावर कळंल."

तिनं पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. "अण्णा, प्रश्नात तूर कुटं हाय?"

आमचं खळं उताराचं. तूर वाळवताना खालची कड आम्ही दोघं दोन टोकांना धरून दुमडायचो, लहानपणापासून. दुमडल्याशिवाय ताडपत्री संपते, हे माझ्या डोक्यात शिरेचना. तरी मास्तरानं हरायचं कसं? पुस्तकच चुकलंय, असं मी जाहीर केलं.

ती हसली नाही. "माझं हे शेवटचं हाय, अण्णा. तुझी तूर तितं आणू नकोस."

परीक्षेच्या दिवशी कलबुर्गीला केंद्राबाहेर लिंबाखाली उभा राहिलो. ती बाहेर आली. "पत्र्यांचं गणित आलतं. छपराचे पाच पत्रे, कडेला एकावर एक चढवलेले."

"मग?"

"चार जोड धरले. तू असतास तर वर दगड ठिवाया लावला असतास."

तिला नोकरी लागली. मुडबीकडच्या एका शाळेत नेमणूक झाली, लेकीला घेऊन ती तिकडं गेली.

यंदा ताडपत्र्या मी एकट्यानंच अंथरल्या. कडेचं एक टोक दगडाखाली दाबून दुसऱ्याकडं जाईपर्यंत वारा मधली कड उलटवायचा. दोन-चारदा बघितलं, मग तशीच सोडली. भरली बत्तीस फूट, पुस्तकात होती तशी. उन्हं कलेपर्यंत खालच्या अंगाला तूर मातीत गेली होती. वेचत बसलो असताना तिचा फोन आला.

"कड दुमडलीस का, अण्णा?"

"व्हय," म्हणालो.