टिटवीला नोटीस

काल कळंब्याच्या तळ्याकाठी ओल्या गाळाचा वास आला आणि शाहूवाडीचं आमचं मातीचं धरण आठवलं. त्यात मामंजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, भाताचं रान गेलं होतं. तिथं मासे आणि बगळे नांदत होते. एका वैशाखात पाणी हटलं, रान उघडं पडलं. मामंजी गाळपेरीला, म्हणजे त्या ओल्या गाळात पेरायला, औत घेऊन उतरले. मागं मी नवी सून, ओटीत काकडीचं बी घेऊन मिरवत.

औत थांबलं. पुढ्यात टिटवीची अंडी, डोक्यावर तिचा आकांत.

"उचलून बांधावर ठेवूया की!" मी अतिशहाणी बोलले.

"मला निदान नोटीस आलती, पोरी. हिला कोण देणार?"

त्यांनी बैल घराकडं वळवले. काकड्या हुकल्या म्हणून मी टवळी आठवडाभर गाल फुगवून बसले. त्यांच्या हयातीत ते रान पुन्हा पाण्याबाहेर आलं नाही.