उसन्या बिल्ल्याची गोष्ट

हसायचं असेल तर बशी आधी खाली ठेवा गं, चहा सांडेल! माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगते.

आमचे हे लालबागेत बैलांचा खटारा हाकायचे, गिरणीत कापसाचे गठ्ठे पोचवायचे. दंडाला सरकारी पितळी बिल्ला, मालाचा. शेजारचा रामा भाड्याची घोडागाडी हाकायचा, त्याचा बिल्ला माणसांचा. मालाच्या बिल्ल्यावर भाड्याची माणसं बसवली की शिपाई बिल्लाच काढून घ्यायचा. मग चूल कशी पेटायची? शाळेत नाही गेले, पण अख्ख्या चाळीला हे मीच समजावून सांगायची!

तर आमची यमू बाळंतपणाला आलेली. दुपारी सुईण बाहेर येऊन म्हणाली, "मूल आडवं आलंय. माझ्याच्यानं नाही व्हायचं. गिरगावाकडच्या बायकांच्या इस्पितळात न्या, आत्ताच्या आत्ता!"

रामा तापाने फणफणलेला, त्याची गाडी मालकाच्या तबेल्यात. ह्यांनी खटारा जुंपला, गवतावर गोधडी टाकली. मी म्हटलं, "थांबा! मालाच्या बिल्ल्यावर लेक कशी न्याल?" धावत जाऊन रामाचा बिल्ला आणला नि ह्यांच्या दंडाला बांधला.

"अगो, बैलांचे घोडे करतलंस काय?"

"तुम्ही गप बसा! यमे, कोणी विचारलं तर आम्ही तुझे कोणी नाही. तू भाडं!" माणसांच्या बिल्ल्यावर भाडं नको का?

भायखळ्याच्या नाक्यावर पिवळ्या पगडीचा शिपाई आडवा आला. बिल्ला बघितला. बैल बघितले. पुन्हा बिल्ला बघितला.

"गाडीवान, घोडा कुठाय?"

हे माझ्याकडे बघतात, मी आभाळाकडे!

"ही बाई कोण?"

"भाडं!" मी ठणकावलं. "आमची कोणी नाही. वाटेत भेटली."

तेवढ्यात यमूला कळ आली. "आये गं!" करत तिनं माझं मनगट असं आवळलं, की बांगड्या फुटल्या. माझ्या तोंडून गेलंच, "सोस गं माझ्या बाळा!"

"वाटेत भेटलेलं भाडं, नि आये?" शिपायानं मिशी चावली.

मी रडायलाच लागले. "दादा, लेक आहे माझी. खटारा ठेवा, पण हिला पोचवा!"

"अहो मावशी, घरच्या लेकीला घरच्या खटाऱ्यातून न्यायला माणसांचा बिल्ला कशाला? तो भाड्याला लागतो! तुमचा होता तोच बरा होता. दुसऱ्याचा बांधलात, हाच गुन्हा! सोडा तो आधी."

आणि तो भला माणूस "बाजू, बाजू!" ओरडत आमच्यापुढे धावत सुटला. ट्रामचे घोडेसुद्धा थांबवले त्यानं! इस्पितळाच्या दारात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून थोडा उशीर झाला असता तर..." पुढचं मी ऐकलंच नाही. नातू झाला! दोघं सुखरूप.

बारसं झाल्यावर पेढे घेऊन नाक्यावर गेले. तो शिपाई नव्हता, एक जाडजूड जमादार उभा होता. मी पुडा पुढे केला, डोळे भरून आले. "तुमच्या शिपायाचे फार उपकार हो! दुसऱ्याचा बिल्ला बांधलेला दिसला, तरी सोडलं आम्हाला!"

जमादाराचा पेढा हातातच राहिला. "कोणाचा बिल्ला?"

"आमच्या शेजारच्या रा..."

त्यानं तोच पेढा झटकन माझ्या तोंडात कोंबला. म्हणाला, "मावशी, उपकार पोचले. आता घरी जाईपर्यंत तोंड उघडू नका."